शोकात्मिकेचे तात्पर्य

भोपाळच्या जवाहर चौकातून विदिशेच्या वाटेला लागले, की सुमारे साठ किलोमीटरांवर बेसनगरचा प्राचीन स्तंभ लागतो. भोवतालचे लोक त्यास खांबबाबा म्हणतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तक्षशिलेचा हेलिओदोर नामक यवन राजदूत भागभद्र राजाच्या दरबारी आला व त्याने वासुदेवाप्रीत्यर्थ हा गरुडध्वज उभारला. दम, त्याग व अप्रमाद ही तीन अमृतपदे त्यावर कोरलेली आहेत. ग्रीक माणूस या भूमीत इतक्या पूर्वी येऊन गेला. परंतु ग्रीकांचे नाटक मराठीत यावयास विसावे शतक निम्मे उलटावे लागले. या विलंबाने आमच्या वाचनास कोणते वळण लावले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

ग्रीकांपैकी मराठीत प्रथम आला तो इसाप. तंजावरास दुसऱ्या सरफोजी राजांच्या आश्रयाने सख्खण पंडितांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी 'बालबोधमुक्तावली' या नावाने त्याच्या कथा मराठीत आणल्या. १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा' निघाली. १८५२ मध्ये कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सॉक्रेटिसाचे चरित्र लिहिले. नव्या शाळांना नीती हवी होती आणि आदर्श चरित्रे हवी होती. ग्रीसकडून आम्ही तेवढेच मागून घेतले.

दुःखपर्यवसायी नाटकाची ओळख आम्हांस झाली ती अथेन्सच्या नव्हे, तर इंग्लंडच्या रंगभूमीकडून. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नायकाच्या मृत्यूने संपणारे नाटक १८६१ चे. पुढे १८८३ मध्ये आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' रचले, आणि १८९० मध्ये देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव'. सॉफोक्लिस मात्र दूरच राहिला.

त्यातही नाटकाआधी शास्त्र आले. विंदा करंदीकरांनी अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र १९५७ मध्ये मराठीत आणले, सदानंद रेगे यांचे 'ईडिपस'चे रूपांतर 'जयकेतू' १९५९ मध्ये आले, पु. ल. देशपांडे यांचे 'राजा ओयदिपौस' १९७९ मध्ये. दोन नावांतील अंतर लक्षणीय आहे. पहिल्यात राजाला भारतीय नाव द्यावेसे वाटले. वीस वर्षांनी तोच राजा आपल्या ग्रीक नावाने मराठीत उभा राहिला. परक्याला परका ठेवून आपला मानण्याइतका विश्वास वाचकांविषयी लेखकाला वाटू लागला होता.

परंतु वाचकाची सवय इतक्या लवकर पालटत नाही. इसापच्या प्रत्येक गोष्टीखाली 'तात्पर्य' छापलेले असते. तेच तात्पर्य आम्ही ईडिपसकडेही मागतो. वर्गात प्रश्न येतो, "नायकाचा दोष कोणता?" विद्यार्थी लिहितो, "अहंकार", दुसरा लिहितो, "दैवापुढे इलाज नाही." दोन्ही उत्तरांना गुण मिळतात, आणि नाटक हातचे निसटते.

मूळ कृतीत काय आहे? आपल्या हातून पितृहत्या घडेल, ही देववाणी ऐकताच ईडिपस ज्यांना आईबाप मानतो त्यांचे कोरिंथ सोडून जातो. थीब्जवर साथ येते, तेव्हा प्रजेसाठी तो मागील राजाच्या मारेकऱ्याचा शोध घेतो. चौकशी थांबवावी म्हणून राणी विनवते, म्हातारा धनगर गयावया करतो. तरी तो सत्यापासून मागे सरत नाही. त्याचा घात जितका दुर्गुणाने होतो, तितकाच सद्गुणानेही. अॅरिस्टॉटलचा 'हमार्तिया' हा शब्द येथे ध्यानात घ्यावा. त्याचा अर्थ पाप नव्हे. अजाणता घडलेली चूक, असा तो आहे. बेसनगरच्या स्तंभावर सांगितलेला अप्रमाद, म्हणजे सावधपणा, ईडिपसाजवळ थोडाथोडका नव्हता. सावध मनुष्यही अज्ञानात चालत असतो, हेच या नाटकाचे भय आणि हीच त्याची करुणा.

'शोकांतिका' या रूढ शब्दाबद्दलही विचार व्हावा. इ. स. पू. ४५८ मधील एस्किलसच्या 'ओरेस्तेइया' या नाट्यत्रयीचा शेवट सलोख्यात होतो. शेवटी शोक असलाच पाहिजे, असे ग्रीकांनी मानले नव्हते. म्हणून 'शोकात्मिका' हा शब्द अधिक नेमका.

१९५६ मध्ये भोपाळ राजधानी झाले, तेव्हा नागपूरकडून आलेल्या अनेक मराठी कुटुंबांनी येथे बिऱ्हाडे मांडली. त्यांच्या नातवंडांचे शिक्षण हिंदीत वा इंग्रजीत होते. मराठी त्यांना घरातून व अशा संस्थांतूनच मिळावयाची. त्यांच्या हाती अभिजात कृती देताना आम्ही शिक्षकांनी क्रम बदलावा. आधी नाटक मोठ्याने वाचावे, लक्षणे व व्याख्या मागाहून सांगाव्यात. आणि दोषाचा प्रश्न बाजूला ठेवून एवढेच विचारावे : ईडिपसाला कोठे थांबता आले असते, आणि तो तेथे थांबला असता, तर आपल्याला तो आवडला असता काय?