टर्की, मक्याची भाकरी आणि विष पकडणारा साचा

आजचा एपिसोड एका विषाबद्दल आहे. ते डोळ्यांना दिसत नाही आणि भाजल्या-शिजवल्याने पूर्ण जातही नाही.

१९६० साल, इंग्लंड. काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. रोगाचा पत्ता लागेना, म्हणून नाव पडलं ‘टर्की एक्स’. शेवटी माग निघाला खाद्यात. ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीचं विष होतं. बुरशीच्या नावावरूनच विषाला म्हणायला लागले अफ्लाटॉक्सिन. अतिनील दिव्याखाली निळं चमकतं ते ‘बी’, हिरवं चमकतं ते ‘जी’. झाली की तपासणीची पद्धत!

आता १४ वर्षं पुढे या, आपल्या देशात. १९७४ मध्ये राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातमधलं पंचमहाल, या आदिवासी भागात काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. मका भिजला, तसाच साठवला गेला. मग घरोघरी कावीळ, पोटात पाणी. त्याच घरातली भाकरी खाणारी कुत्रीही आजारी पडली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मका तपासला, तर किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन. १०६ माणसं गेली.

मला इथेच अडकायला होतं. विष माहीत होतं, तपासणीही माहीत होती. पण तपासणी होती लॅबमध्ये, आणि मका होता कणगीत.

पुढे अँटीबॉडी वापरणारी किट्स आली. छान चालतात, पण अँटीबॉडी हे प्रोटीन, त्याला उष्णता सोसत नाही. तिथे कामाला येते एक वेगळीच कल्पना. १९४० मध्ये लायनस पॉलिंग म्हणाले, अँटीबॉडी परक्या रेणूभोवती घडी घालून आकार घेते. हा अंदाज पुढे चुकीचा ठरला! पण १९४९ मध्ये त्यांचे विद्यार्थी फ्रँक डिकी यांनी एका रंगाच्या सोबतीने सिलिका जेल बनवलं, रंग धुऊन काढला, आणि जेल पुन्हा तोच रंग जास्त धरायला लागलं. १९७२ मध्ये जर्मनीत गुंटर वुल्फ यांनी हे कृत्रिम पॉलिमरमध्ये केलं. १९९३ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात क्लाउस मोसबाख यांच्या गटाने अँटीबॉडीच्या जागी असा पॉलिमर वापरून औषधांचं प्रमाण मोजून दाखवलं.

समजायला सोपं आहे. गणपतीच्या मूर्तीवरून साचा काढतात ना, तसंच. रेणूभोवती पॉलिमर घट्ट करायचा, रेणू धुऊन काढायचा, पोकळी उरते. पुढे त्याच आकाराचा रेणू आला की तिथे बसतो. मी कोड लिहिणारा माणूस, मला हे चक्क पॅटर्न मॅचिंग वाटतं. गंमत म्हणजे साचा काढताना बऱ्याचदा खरं विष वापरतच नाहीत. ते महाग, घातक, आणि थोडं आत राहिलं तर नंतर पाझरून रीडिंग बिघडवतं. म्हणून तसाच दिसणारा कमी घातक रेणू घेतात.

हा पॉलिमर उष्णता सोसतो, आम्ल सोसतो. आज त्याचा मोठा उपयोग नमुना गाळायला होतो. दाण्यांचा अर्क नळीतून सोडला की विष अडकतं, बाकीचं वाहून जातं. अडचणी आहेतच. सगळ्या पोकळ्या सारख्या नसतात, पाण्यात पकड सैल होते. शिवाय प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्याची कोडेक्सची मर्यादा आहे किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे १० टनांच्या ट्रकात फक्त १५० मिलिग्रॅम. तेही मूठभर दाण्यांतच असू शकतं. नमुना चुकला तर उत्तम साचाही काय करणार?

निर्यातीचा दाणा तपासला जातो, कारण परदेशातला खरेदीदार विचारतो. घरी खायच्या दाण्याबद्दल कोण विचारतं? स्वस्त, फ्रिज न लागणारी तपासणी मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. ती कणगीपर्यंत पोचू शकते. तोवर धान्य नीट वाळवा आणि बुरशीचे, सुरकुतलेले, काळपट दाणे निवडून टाका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!