नकाशावरची रेघ

दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी मांडव्याच्या धक्क्यावर जाऊन उभे राहावे. पावसाळा संपून हवा निवळलेली असते, वारा पडलेला असतो, आणि समोर पाण्यापलीकडे मुंबईचे दिवे एकामागून एक लागू लागतात. घटकाभराने सारे क्षितिज उजळून निघते. आपल्या अंगणातल्या पाचपन्नास पणत्या विसरून माणूस त्या परक्या आराशीकडे पाहत राहतो. आमच्या लहानपणापासून आम्ही असेच पाहत आलो. मुंबई आमच्या इतकी समोर आणि तरीही इतकी परकी!

गेल्या दिवाळीत माझी भाची आजोळी आली होती. लाँचमधून उतरल्या उतरल्या तिने मला विचारले, “मामा, आपण आत्ता रायगडात आहोत की मुंबईत?”

“रायगडात. हे काय विचारणे झाले?”

“मग परवा वर्तमानपत्रात आपला तालुका ‘मुंबई महानगर प्रदेशा’त छापला होता, तो का? ही रेघ मारली कुणी?”

प्रश्न पोरीचा, पण उत्तर द्यायला मला दोन रात्री कागदपत्रे चाळावी लागली. फराळाच्या ताटाभोवती जे तिला सांगितले, तेच थोड्या विस्ताराने येथे सांगतो.

या किनाऱ्याने रेघा पुष्कळ पाहिल्या आहेत. पहिली समुद्राची, ती कुणी मारली नाही आणि कुणाला पुसता आली नाही. दुसरी सत्तेची. १६७९ साली शिवाजी महाराजांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर तटबंदी उभारायला घेतली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली होती. त्या काळी मुंबई आमच्या किनाऱ्याकडे धास्तीने पाहत असे. आज ती जागेच्या ओढीने पाहते. तिसरी रेघ महसूल खात्याची, तालुक्या-जिल्ह्यांची. आमच्या जिल्ह्याचे कुलाबा हे नाव जाऊन रायगड झाले ते १९८१ साली. पण भाचीने विचारलेली रेघ चौथी, ती नियोजनाची. तिचा इतिहास सर्वांत अलीकडचा आणि बराचसा आपल्या हयातीतला.

मुंबई वाढत होती, परंतु कायदा वाढत नव्हता. नगररचनेचा पहिला मुंबई कायदा १९१५ सालचा. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक नगरपालिकेला आपला विकास आराखडा करणे भाग पाडले; पण आराखडा हद्दीपुरता! नगरपालिकेचा दगड संपला की नियोजन संपले. माणसे मात्र त्या दगडापाशी थांबत नव्हती, आणि गिरण्या, कारखाने, आगगाड्याही थांबत नव्हत्या. १९४८ साली अल्बर्ट मेयर आणि महापालिकेचे अभियंते मोडक यांनी बृहन्मुंबईच्या योजनेची रूपरेषा मांडून गर्दी बाहेर वळवण्याचे सुचवले. १९५९ साली स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने खाडीवर पूल बांधून मुख्य भूमीकडे वस्ती न्यावी, असे सांगितले. १९६३ साली विल्बर स्मिथ या सल्लागार मंडळींनी शिवडीहून उरणच्या बाजूला थेट पूल सुचवला. सल्ले उत्तम होते. पण सल्ला अमलात आणायला जो कायद्याचा हात लागतो, तो कुणालाच नव्हता.

या कथेतला मला सर्वांत आवडणारा प्रसंग येथे येतो. १९६४ साली मुंबई महापालिकेने आपला विकास आराखडा प्रसिद्ध केला आणि रिवाजाप्रमाणे लोकांच्या हरकती व सूचना मागवल्या. अशा वेळी बहुतेक माणसे आपल्या घरावरून रस्ता जातो की नाही एवढेच पाहतात. परंतु चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी (दोघे वास्तुशिल्पी, एक अभियंता) सबंध आराखड्याच्या दिशेलाच हरकत घेतली. मुंबई उत्तरेकडे लांबच लांब ताणण्यापेक्षा बंदराच्या पलीकडे पूर्वेला नवे शहर वसवा, असे त्यांचे म्हणणे. १९६५ साली ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकाने आपला एक अंकच या विषयाला दिला. हाती अधिकार नाही, पदही नाही. पण आपले म्हणणे नीट मांडण्याची चिकाटी होती.

त्याच सुमारास अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. शहराचा विचार शहरापुरता करून भागणार नाही, भोवतालच्या सबंध प्रदेशाची एक योजना हवी आणि ती करणारी मंडळे कायद्यानेच स्थापावी, अशी तिची शिफारस. त्यातून ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’ आला, आणि १९६७ साली मुंबई महानगर प्रादेशिक नियोजन मंडळ बसले. ‘प्रदेश’ हा भूगोलाच्या पुस्तकातला शब्द त्या दिवसापासून कायद्याचा झाला.

आता या मंडळाचे सामर्थ्य किती? खरे सांगायचे तर थोडे. त्याने इमारत बांधायची नाही, कर बसवायचा नाही, जमीन घ्यायची नाही. त्याने अभ्यास करायचा, मसुदा लिहायचा, तो लोकांपुढे ठेवायचा, हरकती ऐकायच्या, आणि मग सरकारदरबारी आपली बाजू मांडायची. मंजुरीचा शिक्का सरकारचा. जुन्या घरात एखादा शहाणा कारकून असतो; किल्ल्या त्याच्या कमरेला नसतात, पण कोणते दार केव्हा उघडावे हे मालकाला तोच पटवून देतो. नियोजन मंडळाचे काम बरेचसे या जातीचे आहे. नकाशा हा त्याचा अर्ज असतो आणि आकडे त्याचे साक्षीदार.

या मंडळाने तो अर्ज चांगला लिहिला. १९७० च्या आरंभी त्याने प्रादेशिक योजनेचा मसुदा प्रसिद्ध केला. बृहन्मुंबईची लोकसंख्या आवरावी, बंदरापलीकडे नवे महानगर उभारावे आणि सबंध प्रदेशाच्या कारभाराला एक स्वतंत्र प्राधिकरण असावे, हा त्याचा गाभा. पाच वर्षांपूर्वी त्या तिघांनी मांडलेली कल्पना अशा रीतीने सरकारी कागदावर आली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. १९७३ मध्ये योजनेला मंजुरी मिळाली, आणि वाशीचा खाडीपूलही त्याच वर्षी खुला झाला. १९७४ साली विधिमंडळाने महानगर प्राधिकरणाचा कायदा केला. २६ जानेवारी १९७५ रोजी ते प्राधिकरण अस्तित्वात आले. मागणाऱ्या मंडळाने कायदा मागितला आणि तो मिळाला. लोकशाहीत हे रोज घडत नाही.

येथपर्यंतची गोष्ट ऐकून भाची खूश झाली. परंतु गोष्ट येथे संपत नाही, आणि संपवली तर ती खोटी होईल.

ज्या मोकळ्या जागेवर नवे शहर रेखले, ती मोकळी नव्हती. ठाणे, पनवेल, उरणकडची पंच्याण्णव गावे तेथे होती. आगरी आणि कोळी लोकांची शेते, मिठागरे आणि खाडीतली मासळी त्या नकाशात एकाच फिक्या रंगाने भरलेली होती. मंडळाने प्रदेशाची बाजू सरकारपुढे मांडली खरी. पण प्रदेशातल्या माणसांची बाजू मंडळापुढे कोण मांडणार? ती मांडली दि. बा. पाटील यांनी आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांनी. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि पागोटे परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला. पाच जण बळी पडले. त्यानंतर संपादन केलेल्या जमिनीपैकी साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचे धोरण आले. मसुद्यात जे कलम नव्हते, ते असे आले. त्याची किंमत पाच घरांनी दिली.

आमच्या तालुक्याला हे नवे नव्हते. १९३३ साली चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या कुळांनी जमीन कसायची नाही, असा संप पुकारला. सहा वर्षे शेते ओस राहिली. लोकांनी लाकडे विकून, करवंदे विकून दिवस काढले, पण माघार घेतली नाही. अखेर सरकारला कुळांकडे पाहावे लागले आणि १९३९ मध्ये कूळकायदा झाला. कायदा मागायला नकाशेच लागतात असे नाही, हे अलिबाग तालुका नियोजन मंडळ जन्मण्याच्या कितीतरी आधी शिकला होता.

आता मांडव्याविषयी. आमच्या आत्याने मरेपर्यंत लाँचमध्ये पाऊल ठेवले नाही. मुंबईला जायचे तर वडखळ-पेणवरून शंभर किलोमीटरचा वळसा घालून एस्टीने जाई. कारण १७ जुलै १९४७ चे. त्या दिवशी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. या किनाऱ्यावर क्वचितच एखादे गाव असेल, जेथे त्या वर्षी रडण्याचा आवाज आला नाही. समोर दिवे दिसतात, पण पाणी मध्ये आहे, हे आम्ही असे शिकलो.

म्हणून पूल, धक्का, बोट हे शब्द आम्हाला नुसते ‘दळणवळण’ वाटत नाहीत. १९६३ साली सुचवलेल्या त्या पुलाचे स्वप्न शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूच्या रूपाने १२ जानेवारी २०२४ रोजी पुरे झाले. मध्ये एकसष्ट वर्षे गेली. मांडव्याला मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मोटारी वाहणारी रो-रो बोट सुरू झाली. पूर्वी पावसाळा लागला की लाँच बंद आणि आम्ही बेटासारखे. आता मोठी बोट पावसाळ्यातही येते. आत्या असती तर या बोटीत बसली असती का, हे मी पुष्कळदा मनाशी विचारतो. बहुधा काठावर उभी राहून नुसती पाहत राहिली असती.

बोटीमागून रेघही आली. १९९९ साली मंजूर झालेल्या दुसऱ्या प्रादेशिक योजनेत अलिबाग आणि पेण तालुक्यांचा काही भाग होता. २०१९ मध्ये उरलेला भागही महानगर प्रदेशात घेण्याचा निर्णय झाला. यात भले आहे. रस्ता, पाणी, इस्पितळ यांचा विचार एकत्र झाला तर कुणाला नको? पण भीतीही आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, भातखाचरे आणि होड्या ओढायचा वाळूचा पट्टा पुन्हा एका फिक्या रंगात जाऊ नये.

यावर उपाय काय, असे भाचीने विचारले. मी तिला वसईची गोष्ट सांगितली. तिसऱ्या योजनेचा मसुदा २०१६ मध्ये निघाला, तेव्हा आपल्या हरित पट्ट्यासाठी वसईकरांनी हजारोंनी हरकती धाडल्या; मसुदा आम्हाला वाचता येईल अशा मराठीत द्या, अशी मागणी झाली. ज्या दाराने १९६४ साली तीन शहाणी माणसे आत शिरली, तेच ते हरकती व सूचनांचे दार. ते आजही कायद्याने उघडे आहे. फक्त नोटीस निघते तेव्हा आपण भातझोडणीत असतो, आणि मुदत संपल्यावर नकाशा पाहतो.

“म्हणजे तो नकाशा आपण आधी वाचायचा,” भाची म्हणाली.

“वाचायचा, आणि आपली वाडी त्यात कोणत्या रंगाची आहे ते पाहायचे.”

शेवटची लाँच सुटून गेली होती. घरी पणत्यांत तेल घालायचे राहिले होते, म्हणून आम्ही निघालो. वाटेत तिने दोनदा मागे वळून पाहिले. मुंबईचे दिवे अजून होतेच. पण या खेपेला ती ते मोजत नव्हती, काठावरच्या होड्या मोजत होती.