आग लागली, १०१ फिरवला... पुढे काय होते? अग्निशमन दलाचे काम समजून घेऊ या

३ एप्रिल २०२४. रमजानचा शेवटचा अशरा. औरंगाबादच्या (छत्रपती संभाजीनगर) छावणी भागात पहाटे सहरीच्या सुमारास तळमजल्यावरील कपड्याच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका मुस्लिम कुटुंबातील दोन लहान मुलांसह सात जण मरण पावले. आग त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती; जीव घेतला तो धुराने. अल्लाह मरहूमीनची मगफिरत करो.

शहागंज, सिटी चौक, राजाबाजार या जुन्या वस्तीत खाली दुकान आणि वर घर ही रचना घरोघरी दिसते. म्हणून अग्निशमन दल कसे काम करते, हे आपल्याला माहीत असायलाच हवे.

वर्दी

आगीची खबर म्हणजे 'वर्दी'. ती १०१ वर देता येते. ११२ वर फोन केला तरी चालतो. नियंत्रण कक्षाला चार गोष्टी लागतात: नेमका पत्ता आणि जवळची खूण, काय जळते आहे, कोणी अडकले आहे का, आणि तुमचा मोबाइल नंबर. "शहागंजला आग लागली" एवढे सांगून फोन ठेवू नका. चमनच्या कोणत्या बाजूला, कोणत्या मशिदीजवळ, गल्लीत मोठी गाडी येते का, हेही सांगा. मग एक जण नाक्यावर उभा राहून गाडीला वाट दाखवू द्या.

कोण येते?

महापालिकेच्या अग्निशमन दलाचे मुख्य केंद्र पदमपुऱ्यात आहे, सिडकोतही केंद्र आहे. वाळूज एमआयडीसीचे दल वेगळे. मोठ्या आगीत आजूबाजूच्या दलांचे बंब आणि पाण्याचे टँकरही मागवले जातात. तेल, केमिकल पेटले असेल तर फोम लागतो. पोलीस गर्दी आणि वाहतूक हटवतात, महावितरण वीज तोडते, १०८ ची रुग्णवाहिका जखमींना नेते.

घटनास्थळी

तिथे हुकूम एकाच अधिकाऱ्याचा चालतो. तो आधी पाहणी करतो: माणसे कुठे आहेत, धूर कुठून निघतो, सिलिंडर आहेत का, आग शेजारी पसरेल का. पहिले काम माणसे काढण्याचे. पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क लावून जवान जोडीने आत जातात. बाकीचे पाणी मारतात आणि शेजारच्या भिंती थंड ठेवतात. ज्वाळा विझल्या तरी काम संपत नाही. ढिगारा उपसून पुन्हा पाणी मारावे लागते, नाहीतर कापडाचे गठ्ठे आतून धुमसत राहतात.

पाण्याचा हिशेबही लक्षात घ्या. एका बंबात साधारण साडेचार-पाच हजार लिटर पाणी असते आणि एक नळी मिनिटाला चार-पाचशे लिटर फेकते. म्हणजे दहा मिनिटांत टाकी रिकामी! टँकरला वाट मिळाली नाही तर जवान नुसते उभे राहणार. शहागंजमध्ये ईदच्या खरेदीच्या दिवसांत हातगाड्या, ताडपत्र्या आणि आडव्या लावलेल्या मोटारसायकलींतून बंब कसा जाणार, हा प्रश्न प्रशासनाइतकाच आपलाही आहे. २९ ऑक्टोबर २०१६ ला औरंगपुऱ्यातील जिल्हा परिषद मैदानावर फटाका बाजार पेटला, तेव्हा शंभराहून अधिक दुकाने पाहता पाहता खाक झाली.

जबाबदारी कोणाची?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार, कायद्याच्या कक्षेतील इमारतींत आगीची साधने चालू ठेवणे हे मालकाचे किंवा ताबेदाराचे काम आहे. परवानाधारक एजन्सीचा 'फॉर्म बी' दाखला दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. मदरसा, शादीखाना, शाळा यांच्या जबाबदार मंडळींनी आपला दाखला आजच तपासावा.

घरात एवढे करा

- बॅटरीवरची गाडी जिन्याखाली किंवा दारात रात्रभर चार्जिंगला लावू नका.
- जिना मोकळा ठेवा. गच्चीचे कुलूप आतून पटकन उघडेल असे असू द्या.
- धूर भरला तर ओले फडके नाकाला लावून जमिनीलगत सरका. जिना धुराने भरला असेल तर दार बंद करून फटीत ओले कपडे कोंबा आणि खिडकीतून हाक द्या.
- बाहेर पडलात की सामानासाठी परत आत जाऊ नका.

झोपण्यापूर्वी घरातला विस्तव विझवा, अशी ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली होती. आजच्या घरात विस्तवाच्या जागी चार्जर आणि गॅसचा रेग्युलेटर आले आहेत. रात्री दिवा मालवताना तेही बंद करा.