भिलाईचे बेट

समुद्रापासून शेकडो कोस दूर, भाताच्या खाचरांनी व्यापलेल्या छत्तीसगढच्या सपाट मुलुखात बेटावरच्या सहलीची गोष्ट काढणे प्रथमदर्शनी विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु दुर्ग-भिलाईत ज्यांच्या दोन पिढ्या नोकरीत गेल्या अशा कोणत्याही मराठी कुटुंबाला, रविवारी मुलांना घेऊन जाता कोठे, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: मैत्रीबागेत. पोलाद कारखान्याने वसवलेल्या आणि आजवर सांभाळलेल्या या उद्यानात कृत्रिम तलाव आहे, तलावात नावा आहेत, मधल्या बेटावर सायंकाळी संगीताच्या तालावर उसळणारे कारंजे आहे, मुलांची छोटी आगगाडी आहे, आणि आसपास वाघ, सिंह, अस्वले, हरणे व मगरी यांचा मोठा परिवार नांदतो. जी गोष्ट अन्यत्र निसर्गाने दिली ती येथे माणसाने घडवली. ती घडवण्याची कारणे मात्र विहाराशी फारशी संबद्ध नव्हती. ती लोखंडाशी होती आणि काही अंशी परराष्ट्रनीतीशी.

या प्रांताशी मराठ्यांचा संबंध अर्थातच कारखान्याहून पुष्कळ जुना. 1741 साली भास्करपंत कोल्हटकरांनी नागपूरकर भोसल्यांच्या वतीने छत्तीसगढवर स्वारी केली, तेव्हा मराठी फौजेचे ठाणे दुर्ग येथेच होते. पुढे 1758 पासून रघूजी भोसल्यांचे चिरंजीव बिंबाजी रतनपुरास राहून राज्य करू लागले. दसऱ्याला सोने लुटण्याची आपली चाल त्यांनीच या मुलखात रूढ केली, असे मानले जाते. 1787 मध्ये ते वारले आणि नागपूरहून सुभेदार येऊ लागले. परगणे पडले, कमाविसदार नेमले गेले, दप्तर मोडीत चालू लागले. त्या अमलाचे गुणगान करण्याचे कारण नाही. वसुलाकडे जितके लक्ष होते तितके रयतेकडे नव्हते, हे मराठी माणसानेही मोकळेपणाने मान्य करावे. पण नागपूर आणि दुर्ग यांच्यामधली वाट त्या काळी जी पडली ती पुढे कधी मोडली नाही. 1880 च्या सुमारास नागपूर-छत्तीसगढ रेल्वे राजनांदगावापर्यंत आली, त्यानंतर बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद केली, आणि विदर्भातील कारकून, वकील, मास्तर या वाटेने पूर्वेकडे सरकत राहिले.

त्या काळच्या लोकांची सहल म्हणजे नदीकाठची जत्रा. कार्तिकी पौर्णिमेला शिवनाथच्या काठी पुन्नी मेळा भरे, तो अजूनही भरतो. रान पाहण्यासाठी मुद्दाम कोणी जात नसे. रानच गावाच्या वेशीपर्यंत आलेले असे, आणि त्याचे दर्शन बहुधा दुनळी बंदुकीच्या नळीवरून घेतले जाई. भारतातील अखेरचे तीन चित्ते 1947 साली याच छत्तीसगढात, उत्तरेकडील कोरियाच्या राजाच्या गोळ्यांना बळी पडले, असे सामान्यतः मानतात. शिकारीच्या या दरबारी हौसेने जे उजाड केले, त्याची आठवण मैत्रीबागेच्या पिंजऱ्यांसमोर उभे राहिल्यावर आल्यावाचून राहत नाही.

आता लोखंडाकडे वळू. दुर्गच्या दक्षिणेस दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांत लोखंडाचे प्रचंड साठे आहेत ही नोंद भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी एकोणिसाव्या शतकातच करून ठेवली होती. 1903 च्या सुमारास चांदा जिल्ह्यातील शोध निष्फळ ठरल्यामुळे खिन्न झालेले दोराबजी टाटा नागपुरास सरकारी कामासाठी आले असता, वाट पाहत बसण्याच्या त्या रिकाम्या वेळात तेथल्या संग्रहालयातील भूस्तरांचा नकाशा त्यांच्या दृष्टीस पडला, आणि त्यावर दुर्गच्या बाजूचे गडद ठसे पाहून ते भूगर्भतज्ज्ञ वेल्डसाहेबांना बरोबर घेऊन दल्ली-राजहऱ्याच्या टेकडीवर चढले. पायाखालची जमीन धातूसारखी वाजत होती, असे वर्णन नंतरच्या वृत्तांतांत येते. लोखंड होते, पण जवळ योग्य कोळसा नव्हता, आणि पुरेसे पाणीही नव्हते. टाटा साकचीकडे वळले, तेथे जमशेदपूर झाले, आणि दुर्गचे डोंगर आणखी अर्धशतक तसेच पडून राहिले.

माझ्या मते भिलाईच्या इतिहासातला निर्णायक शब्द लोखंड नव्हे, पाणी आहे. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करारनामा होऊन दहा लक्ष टनांच्या कारखान्याची योजना ठरली, तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी अद्याप नागपूरच होती आणि मुख्यमंत्री होते रविशंकर शुक्ल. दुर्गचे दप्तर भोपाळकडे गेले ते 1 नोव्हेंबर 1956 ला. धातू होता, रेल्वे होती, कोळसा आगगाडीने आणता येत होता. पण झोतभट्टी ही अतोनात तहानलेली वस्तू आहे. तिच्या भिंती वितळू नयेत म्हणून सभोवार सतत पाणी खेळवावे लागते. निघणारा वायू पाण्याने धुवावा लागतो. लाल रसरसलेली मळी पाण्यात सोडून तिचे खडे पाडावे लागतात. हे पाणी तांदुळा नदीच्या धरणातून कालव्याने आणून कारखान्याच्या कुशीत मरोद्याला साठवावे असे ठरले, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली भट्टी सुरू होईपर्यंत त्या सपाट, उन्हाने तापलेल्या माळावर पाण्याचे विस्तीर्ण पसारे दिसू लागले होते. पाणी आले की पक्षी येतात, आणि पक्ष्यांमागून माणसे.

नागपूरकरांना हा क्रम अपरिचित नाही. गोंड राजा चाँद सुलतानाने शहराच्या पाण्यासाठी बांधलेला जुम्मा तलाव आज गांधीसागर म्हणून ओळखला जातो. त्याच्या मधोमध बेट आहे, बेटावर बाग आहे, शिवालय आहे, आणि शहराची मुले तेथे खेळतात. अंबाझरीही प्रथम नळांसाठीच. पोलादी नगरांनी हाच कित्ता गिरवला: जमशेदपूरला 1958 मध्ये ज्युबिली पार्क झाले, बोकारोत प्राणिउद्यान झाले, आणि भिलाईत 1972 साली मैत्रीबाग उभी राहिली. त्याच्या एक वर्ष आधी, ऑगस्ट 1971 मध्ये, भारत-सोव्हिएत मैत्रीचा तह झालेला होता. उद्यानाचे नाव त्या काळच्या हवेतले आहे. योगायोग असा की वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदाही 1972 चाच. ज्या वर्षी रानात बंदूक चालवणे गुन्हा ठरला, त्याच वर्षी कामगारांच्या मुलांना वाघ दाखवण्याची सरकारी सोय झाली.

ती सोय कशी चालते हे पाहण्यासाठी हिवाळ्यातली सुटीची सकाळ निवडावी. ऊन चढण्यापूर्वी तळ्याकाठी पोहोचले की नावांच्या धक्क्यावर पायट्यांच्या रंगीत होड्या एकमेकींना खेटून उभ्या दिसतात, आणि त्यांतल्याच एखादीच्या कडेवर वंचक पक्षी मान आखडून, मातकट रंगाचा गोळा होऊन बसलेला असतो. होडी हलली की तो अकस्मात शुभ्र पंख उघडतो, आणि बाजूचे पोर दचकून आईच्या पदरात शिरते. थोडे पलीकडे पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात. दुपारी सतरंज्या अंथरल्या जातात; एका डब्यातून पुऱ्या, दुसऱ्यातून ठेठरी-खुर्मी निघते, आणि शेजारच्या सतरंजीवर त्यांची अदलाबदल होते, भाषा मराठी असो, छत्तीसगढी, तेलुगू वा बंगाली.

परंतु मैत्रीबागेचे खरे वैभव म्हणजे पांढरे वाघ. 1951 च्या मे महिन्यात रेवा संस्थानचे महाराज मार्तंडसिंह यांना विंध्याच्या रानात एक पांढरा बछडा सापडला. मोहन या नावाने तो गोविंदगढच्या वाड्यात वाढला, आणि 1958 मध्ये त्याला त्याच्याच कन्येपासून पांढरी पिल्ले झाली. पुढे 1980 मध्ये ओडिशातील नंदनकाननात सामान्य रंगाच्या जोडीच्या पोटी पांढरे बछडे जन्मले, आणि नव्वदीच्या दशकात त्या नंदनकाननाहूनच भिलाईला पांढऱ्या वाघांची जोडी आली. येथे त्यांची वीण इतकी बहरली की देशातील अन्य प्राणिसंग्रहालयांना भिलाईहून वाघ जाऊ लागले. 2016 मध्ये रेव्याजवळ मुकुंदपूरला पांढऱ्या वाघांची सफारी सुरू झाली, तेव्हा तिथेही भिलाईचे वाघ पोहोचले. म्हणजे ज्या भूमीतून तो वर्ण उचलला गेला तेथे तो परत पाठवला गेला, तोही पोलाद कारखान्याच्या दानपत्रावर!

कौतुकासोबत एक आक्षेप नोंदवणे प्राप्त आहे. पांढरा वर्ण हा अप्रकट गुणाचा परिणाम. तो टिकवायचा तर नात्यातल्या नात्यात जोड्या लावाव्या लागतात, आणि त्यातून तिरळेपणासारखी व्यंगे उद्भवतात. रानाच्या रक्षणास अशा प्रजननाचा काडीइतका उपयोग नाही, असे जाणकार सांगतात, आणि ते खरे आहे. तरीही निळसर डोळ्यांचा, गुलाबी नाकाचा, तपकिरी पट्ट्यांचा तो प्राणी खंदकापलीकडे येऊन उभा राहिला की गर्दी एका क्षणात गप्प होते. शास्त्रीय आक्षेप ठाऊक असलेला मनुष्यही पुढची जागा सोडत नाही.

ज्यांना मानवनिर्मित बेटाने समाधान होणार नाही त्यांनी शिवनाथचाच प्रवाह धरून ईशान्येकडे जावे. बिलासपूरच्या वाटेवर बैतलपूरजवळ नदी दुभंगून मदकू द्वीप तयार होते. या शतकातील उत्खननात तेथे कलचुरी काळातील मंदिरांचे अवशेष उघडे पडले, आणि 1909 पासून दर फेब्रुवारीत ख्रिस्ती मेळाही भरतो. पक्ष्यांसाठी मात्र बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदाचे जुने तलाव अधिक चांगले. हिवाळ्यात तेथे बदके, करकोचे आणि पाणकोंबड्या यांचे थवेच्या थवे उतरतात, आणि 2021 पासून सरकारनेच पक्षी महोत्सव भरवायला आरंभ केला आहे. पहाटे निघालेला भिलाईकर हे तलाव पाहून दुपारच्या जेवणापर्यंत घरी परत येऊ शकतो.