दिलीपकुमार उर्फ युसूफ खान : पडद्यावरचा आशिक, समाजाचा वकील

हिंदी चित्रपटात १९४४ ते १९९८ असा प्रदीर्घ काळ वावरलेले, 'ट्रॅजेडी किंग' म्हणून ओळखले गेलेले आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत प्रेमिक नायकाचं दुसरं नाव बनलेले अभिनेते म्हणजे दिलीपकुमार. मूळ नाव मोहम्मद युसूफ खान. जन्म पेशावरचा, पण शाळा, कॉलेज, पहिली कमाई, संसार आणि कब्र हे सगळं महाराष्ट्रातलं. आपल्या घरांमध्ये 'मुगल-ए-आझम'चा सलीम सगळ्यांना ठाऊक असतो. पण मुस्लिम ओबीसींच्या सवलतींसाठी हाच माणूस उतारवयात महाराष्ट्रात सभा घेत फिरला, हे नव्या पिढीला फारसं माहीत नसतं. म्हणून या लेखात दोन्ही बाजू एकत्र दिल्या आहेत.

जन्म आणि घराणं

युसूफ खान यांचा जन्म ११ डिसेंबर १९२२ रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजाराच्या परिसरात झाला. वालिद लाला गुलाम सरवर खान हे फळांचे व्यापारी, अम्मीचं नाव आयेशा बेगम. बारा भावंडांचं मोठं कुटुंब, घरात बोली हिंदको. (११ डिसेंबर ही तारीख आपल्या कोयनानगरकरांच्या मनात वेगळ्याच कारणाने कोरलेली आहे. १९६७ साली त्याच तारखेच्या पहाटे इथे भूकंप झाला. त्या दिवशी दिलीपकुमार पंचेचाळीस वर्षांचे झाले होते.)

फळांच्या व्यापारासाठी १९३०च्या दशकात कुटुंब मुंबईला आलं. क्रॉफर्ड मार्केटमध्ये वालिदचा धंदा होता. थोरल्या भावाच्या आजारपणामुळे काही वर्षं सगळे नाशिकजवळच्या देवळालीला राहिले. तिथल्या बार्न्स स्कूलमध्ये युसूफ शिकले. पुढे मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम हायस्कूल आणि मग माटुंग्याचं खालसा कॉलेज. राज कपूर तिथलाच दोस्त. युसूफना त्या वयात वेड होतं ते फुटबॉलचं, सिनेमाचं नव्हे.

पुण्याची कॅन्टीन

वालिदशी खटका उडाला आणि तरुण युसूफ घर सोडून पुण्याला आले. तिथे लष्करी क्लबच्या कॅन्टीनमध्ये नोकरी केली, मग स्वतःचा सँडविचचा स्टॉल लावला. इंग्रजी चांगलं आणि हिशेब चोख असल्यामुळे धंदा चालला. स्वातंत्र्याच्या बाजूने बोलल्याबद्दल एक रात्र येरवडा तुरुंगात काढावी लागली, असं त्यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे. कॅन्टीनचा करार संपला तेव्हा ते पाच हजार रुपये साठवून घरी परतले. त्या काळात ही मोठी रक्कम होती.

युसूफचे दिलीप कसे झाले?

मुंबईत कामाच्या शोधात असताना ओळखीचे डॉ. मसानी त्यांना मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये घेऊन गेले. संस्थेच्या प्रमुख देविकाराणी यांनी त्यांना पाहिलं, उर्दू येतं का विचारलं आणि १२५० रुपयांवर ठेवून घेतलं. हा आकडा वर्षाचा असावा असं युसूफना वाटलं होतं. तो महिन्याचा निघाला!

पडद्यासाठी वेगळं नाव घ्यावं ही सूचना देविकाराणींची. युसूफनी ती मान्य केली, त्याला घरचं कारणही होतं. वालिदना नाचगाण्याचा पेशा अजिबात पसंत नव्हता. मुलगा सिनेमात गेला हे समजलं तर खैर नाही, या धाकापोटी नवं नाव सोयीचं पडलं. ते नाव म्हणजे 'दिलीपकुमार'. त्यांनी मजहब बदलला नाही, घरात आणि दोस्तांत ते अखेरपर्यंत 'युसूफ'च राहिले. मुलं वर्गात हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून तो इथे स्पष्ट केला.

पहिली वर्षं : १९४४ ते १९४९

पहिला चित्रपट 'ज्वार भाटा' (१९४४) पडला. परीक्षकांनी कौतुक केलं नाही. नितीन बोस यांच्या 'मिलन'ने (१९४६) थोडी ओळख मिळाली आणि नूरजहाँबरोबरच्या 'जुगनू'ने (१९४७) यश आणलं. त्याच वर्षी फाळणी झाली. नूरजहाँ आणि दिग्दर्शक शौकत हुसेन रिझवी पाकिस्तानात गेले. पेशावरचे युसूफ मात्र मुंबईतच राहिले.

१९४८ मध्ये 'शहीद' आणि 'मेला' आले. पुढच्या वर्षी मेहबूब खान यांच्या 'अंदाज'मध्ये नर्गिस, राज कपूर आणि दिलीपकुमार एकत्र दिसले. मनातलं बोलता न येणारा, हरणारा आशिक ही त्यांची छबी इथून पक्की झाली.

अभिनय कसा वेगळा होता?

तोपर्यंतचे बरेच नट नाटकाच्या रंगमंचावरचा चढा आवाज घेऊन पडद्यावर आले होते. दिलीपकुमार हळू बोलत. वाक्याच्या मध्येच थांबत, नजर खाली घेत, आणि उरलेलं वाक्य प्रेक्षक मनात पुरं करी. उर्दूचे शब्द स्वच्छ, पण भाषणासारखे नाहीत. त्यांच्या संवादात जितकं महत्त्व शब्दाला, तितकंच त्यामागच्या शांततेला असे.

यामागे मेहनत होती. 'दीदार'मधल्या (१९५१) आंधळ्या नायकासाठी त्यांनी मुंबईतल्या एका अंध फकिराला जवळून न्याहाळलं. 'कोहिनूर'मध्ये (१९६०) सतार वाजवण्याचा प्रसंग होता. नुसती बोटं फिरवून चाललं असतं, पण ते उस्ताद अब्दुल हलीम जाफर खान यांच्याकडे सतार शिकले. 'गंगा जमुना'साठी पूरबी बोली इतकी घोटली की पेशावरचा हा माणूस अवधचा शेतकरी वाटला. एका वेळी एकच चित्रपट करायचा, हा त्यांचा शिरस्ता. म्हणून पाच दशकांहून जास्त काळात त्यांचे चित्रपट साठ-पासष्टच्याच घरात आहेत.

'ट्रॅजेडी किंग' आणि त्याची किंमत

'जोगन', 'दीदार', 'दाग', 'अमर', 'देवदास'. एकामागून एक दुःखांत भूमिका. बिमल रॉय यांचा 'देवदास' (१९५५) हा त्यातला कळस. पण रोज पडद्यावर मरणाऱ्या माणसाचं मन आजारी पडू लागलं. त्यांनी इंग्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेतला. हलक्याफुलक्या भूमिका करा, असं तिथे सांगण्यात आलं. 'आझाद' (१९५५), 'कोहिनूर' आणि पुढे दुहेरी भूमिकेचा 'राम और श्याम' (१९६७) हे त्यानंतरचे. मनाच्या आजाराबद्दल आपल्या घरांत आजही कुजबुजत बोलतात. इतक्या मोठ्या नटाने त्या काळात डॉक्टर गाठला आणि पुढे ते उघडपणे सांगितलं, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

'नया दौर' ते 'गंगा जमुना'

बी. आर. चोप्रा यांच्या 'नया दौर'मध्ये (१९५७) टांगेवाला शंकर आणि मोटारबस यांची शर्यत आहे. यंत्र आलं की माणसाच्या पोटाचं काय, हा त्यातला सवाल. त्याच दशकात आपल्या खोऱ्यात कोयना धरणाचं काम सुरू झालं होतं. वीज देशाला मिळणार होती आणि गावं पाण्याखाली जाणार होती. शंकरची लढाई इथल्या माणसाला परकी वाटण्याचं कारण नाही.

या चित्रपटात आधी मधुबाला होत्या. बाहेरगावच्या चित्रीकरणाला त्यांच्या वालिदनी नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं आणि दिलीपकुमार यांनी चोप्रांच्या बाजूने साक्ष दिली. दोघांचं लग्न होईल अशी चर्चा होती, ती तिथेच संपली. पण के. आसिफ यांचा 'मुगल-ए-आझम' अजून पुरा व्हायचा होता. आपसात बोलणं बंद असताना दोघांनी सलीम-अनारकलीचे प्रेमप्रसंग दिले. ५ ऑगस्ट १९६० रोजी तो प्रदर्शित झाला आणि इतिहास झाला. त्यात जोधाबाई होत्या आपल्या दुर्गा खोटे.

'गंगा जमुना' (१९६१) दिलीपकुमार यांनी स्वतः लिहिला आणि निर्माण केला. दिग्दर्शन नितीन बोस यांचं. एक भाऊ डाकू, दुसरा पोलीस. त्यांच्या आईच्या भूमिकेत लीला चिटणीस. दोन भावांची ही मांडणी पुढे हिंदी सिनेमाने कितीतरी वेळा वापरली.

संसार आणि दुसरी पारी

११ ऑक्टोबर १९६६ रोजी त्यांनी सायरा बानू यांच्याशी निकाह केला. तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. आई-वडिलांच्या माघारी भावंडांची जबाबदारी त्यांच्यावर होती, हे लग्न लांबण्याचं एक कारण. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दुसरा निकाह झाला, तो थोड्याच काळात संपला. सायराबानूंनी शेवटच्या दिवसापर्यंत त्यांची सेवा केली.

'बैराग'नंतर (१९७६) पाच वर्षं ते पडद्यापासून दूर राहिले. 'क्रांती'ने (१९८१) परतले, तेही वयाला शोभणाऱ्या भूमिकांत. 'शक्ती'मधला (१९८२) कर्तव्यापुढे मुलाला न जुमानणारा बाप आणि 'मशाल'मधला (१९८४) संपादक या दोन भूमिका विसरता येत नाहीत. मरणाऱ्या बायकोसाठी रात्रीच्या रस्त्यावर गाड्या थांबवायला धडपडणारा 'मशाल'चा नायक अंगावर काटा आणतो. ही कथा मूळ मराठी. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे वसंत कानेटकर यांच्या 'अश्रूंची झाली फुले' या नाटकावर तो चित्रपट बेतला होता. शेवटचा चित्रपट 'किला' (१९९८).

समाजासाठी केलेलं काम

मंडल आयोगाच्या शिफारशी १९९०मध्ये लागू करण्याची घोषणा झाली. मुसलमानांतही पेशाने मागास राहिलेल्या बिरादऱ्या आहेत: तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन आणि इतर. 'इस्लाममध्ये जात नाही, मग आरक्षण कशाला?' असं समाजातलेच काही लोक म्हणत, आणि दाखला मागायला गेलं की कचेरीतून तेच ऐकवलं जाई. दीनमध्ये सगळे बरोबरीचे, हे खरंच आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजणाऱ्याच्या मुलाला कॉलेजची फी परवडत नाही, हेही तितकंच खरं.

जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसी संघटना उभी केली आणि दिलीपकुमार त्यांच्या सोबत उभे राहिले. त्यांनी सभा घेतल्या, मंत्र्यांना भेटले. हे आरक्षण मजहबच्या नावावर नाही, मागासलेपणावर आहे, ही बाजू त्यांनी मांडली. सलीमला बघायला जमलेली गर्दी दाखला आणि तालीम यांवरचं भाषण ऐकून घरी जात असे. शरद पवार मुख्यमंत्री असताना, डिसेंबर १९९४मध्ये, महाराष्ट्र सरकारने मुस्लिम ओबीसींना सवलती देण्याचा आदेश काढला. स्वतः दिलीपकुमारना या दाखल्याची काडीची गरज नव्हती. त्यांनी आपली शोहरत दुसऱ्यांच्या मुलांसाठी खर्च केली.

याशिवाय ते मुंबईचे शेरीफ होते, अंधांच्या संस्थेसाठी त्यांनी निधी जमवला, १९९२-९३च्या दंगलीनंतर मदतकार्यात भाग घेतला आणि २००० ते २००६ या काळात राज्यसभेत महाराष्ट्राचे खासदार होते.

सन्मान आणि वाद

सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिला मान त्यांचा ('दाग'). असे एकूण आठ मिळाले. पद्मभूषण (१९९१), दादासाहेब फाळके पुरस्कार (१९९४चा) आणि पद्मविभूषण (२०१५) हे मोठे सन्मान. पाकिस्तानने १९९८मध्ये निशान-ए-इम्तियाज दिला. कारगिलच्या वेळी तो परत करा म्हणून त्यांच्या निष्ठेवर बोट ठेवलं गेलं. त्यांनी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांची भेट घेतली, सल्ला विचारला, आणि पुरस्कार ठेवला. ना आरडाओरडा, ना माघार.

इंतकाल

७ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्यांचा इंतकाल झाला. शासकीय इतमामात जुहूच्या कब्रस्तानात दफन झालं. आई-वडिलांच्या कबरी देवळालीत आहेत.

आज आपल्या सातारा-सांगलीत एखाद्या तांबोळ्याची, बागवानाची मुलगी ओबीसीचा दाखला लावून डीएडला, इंजिनिअरिंगला, नर्सिंगला प्रवेश घेते. त्या दाखल्यामागे अनेकांची धावपळ आहे आणि त्यात युसूफ खान यांचाही वाटा आहे. टीव्हीवर 'मुगल-ए-आझम' लागला की मुलांना सलीमची गोष्ट जरूर सांगा. त्याच बैठकीत ही दुसरी गोष्टही सांगा.