आमचं भोगवर्धन

गावाचं नाव सांगितल्याबरोबर समोरच्याने ‘हां हां’ म्हणावं, हे भाग्य पुण्या-साताऱ्याकडच्या मंडळींचं. आम्ही भोकरदन म्हटलं की लोक विचारतात, ‘भोकराची झाडं फार का हो तिकडे?’ त्यांच्या डोळ्यांपुढे लोणच्याची बरणी येते आणि आमचा इतिहास तिथेच मुरतो.

वास्तविक आमचं जुनं नाव भोगवर्धन. इतकं ऐसपैस नाव दोन हजार वर्षं लोकांच्या तोंडात घोळलं, त्याचं भोकरदन झालं. पैठणहून उज्जैनला जाणारा सातवाहनांच्या काळचा व्यापारी रस्ता आमच्या दारावरून जाई. आता जालना-सिल्लोड एस.टी. जाते. हेही नसे थोडके.

केळणा नदीच्या काठी गावाची जुनी पांढरी. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि तेव्हाचं मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून ती उकरली. शां. भा. देव आणि गुप्ते हे त्यातले जाणते. मातीतून बरंच काही निघालं, पण गाजली ती हस्तिदंती बाई.

ती का गाजली, हे सांगायला इटलीत जावं लागतं, इलाज नाही. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पॉम्पेई शहर राखेखाली गाडलं. तिथल्या एका घरात १९३८ साली अशीच हस्तिदंती बाई सापडली होती. वीतभर उंच, दागिन्यांनी मढलेली, वस्त्रांच्या बाबतीत मात्र काटकसरी. आधी तिला लक्ष्मी म्हटलं, मग यक्षी. मुक्काम नेपल्सच्या संग्रहालयात. दोघींचं साम्य पाहून काही पंडित म्हणतात, ही भोकरदनचीच लेक. दुसरे तिच्या पायाशी कोरलेलं खरोष्ठी अक्षर दाखवतात आणि तिचं माहेर थेट वायव्येकडे, गांधारात नेतात. मी अर्थातच मुलीकडचा. पण अक्षराचा मुद्दा वजनदार आहे, तो नुसत्या मायेपोटी झटकता येत नाही.

खरं सांगू? मला त्या बाईपेक्षा सांची-भारहुतचे आमचे गाववाले जवळचे वाटतात. त्या स्तूपांच्या दगडी कामाला गावोगावच्या लोकांनी दान दिलं आणि दगडावर तशी नोंद कोरून घेतली. त्यात भोगवर्धनची माणसं आहेत. इतक्या लांब दान पोचवलं, पण गाव लिहायला विसरली नाहीत. देवळातल्या पंख्यावर देणगीदाराचं नाव असतं, तसंच म्हणा ना. फक्त पंखा सुरू झाला की नाव दिसेनासं होतं, आणि दगड काही फिरत नाही.

आमच्या गावात मात्र असं टिकणं अवघड. पांढरीची माती माळवदावर घालायला उत्तम, हे मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. विद्यापीठवाले येण्याआधी किती पिढ्यांनी टोपल्या भरभरून भोगवर्धन घरांवर चढवलं असेल! पावसाळ्यात माळवद ठिबकायचं, खाली पातेलं ठेवायचं, ते भरलं की अंगणात रिकामं करायचं. तळाशी एखादा मणी बसला होता का, हे कोण बघत बसतो?