चुकीचा रकाना

कोकणात भरतीची वेळ काढायला पंचांग पुरत असे. तिथीला पाऊणने गुणायचे: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास. होडी लोटायला एवढा हिशेब पुष्कळ झाला. मोठ्या जहाजाला मात्र वेळेबरोबर पाण्याची उंचीही कळावी लागते.

त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वेक्षण खात्याने भारतातील बंदरांवर भरतीमापके बसवली. मुंबईच्या अपोलो बंदरावरील नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. पाण्यावरचा तरंगक वरखाली होई आणि फिरत्या कागदावर समुद्राची रेघ उमटे. त्या रेघेतून चंद्र-सूर्याचे निरनिराळे परिणाम सुटे करायचे आणि त्यांचीच बेरीज करून पुढच्या वर्षाची भरती वर्तवायची. या बेरजेसाठी एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली १८७९ मध्ये इंग्लंडात भारतासाठी खास यंत्र तयार झाले. प्रत्येक परिणामाला एक कप्पी, सगळ्या कप्प्यांवरून एकच तार.

वेळापत्रक छापल्यावर मापके बंद करता आली असती. खात्याने त्यांतली काही चालू ठेवली. वर्तवलेली भरती आणि प्रत्यक्ष आलेली भरती यांची तुलना करून वेळेत व उंचीत किती चूक झाली, हे खाते आपल्याच अहवालांत छापत राहिले. मला या साऱ्या उद्योगात हा चुकीचा रकाना सर्वांत मोलाचा वाटतो.

कारण ३१ डिसेंबर १८८१ रोजी कार निकोबारजवळ भूकंप झाला आणि बंगालच्या उपसागराभोवतीच्या मापकांवर अनोळखी लहरी उमटल्या. रेघेतून भरती वजा केली की उरत होती ती त्सुनामी. २००३ मध्ये मोदेस्तो ऑर्टिझ आणि रॉजर बिलहॅम यांनी त्याच जुन्या रेघांवरून भूकंपाची तीव्रता सुमारे ७.९ असल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी, २६ डिसेंबरला, त्याच पट्ट्यात त्याहून कितीतरी मोठा भूकंप झाला. तेव्हा हिंदी महासागराला इशारा देणारी यंत्रणाच नव्हती.

ती २००७ मध्ये हैदराबादच्या 'इन्कॉइस'मध्ये सुरू झाली. संगणकाने वर्तवलेली लाट तिथे खोल समुद्रातील आणि किनाऱ्यावरील मापकांशी ताडून पाहिली जाते. किनाऱ्यावरच्या माणसांना घरे सोडायला सांगायचे की घरी परतू द्यायचे, हे ठरवताना आजही ती वजाबाकी करावी लागते.